लॉकर काढायचाय

मामाने पुढच्या ॲक्सललाही तसाच लॉकर बसवायचं परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा बाबांना जाऊन एक उन्हाळा उलटला होता आणि त्यांची जीप आता मी चालवत होते.

"हे बघ, डॉक्टरीणबाई," तो जीपच्या पोटाखालून म्हणाला. मला फक्त त्याचे बूट दिसत होते. "मागे एकच लॉकर होता म्हणून भाऊजी अडकले. पुढेही असता तर गाडीने स्वतःला ओढून रस्त्यावर आणलं असतं. माझं चुकलंच. तेव्हाच दोन्हीकडे बसवायला हवे होते."

चूक कबूल करायचीही मामाची एक पद्धत आहे. त्याने कायम काहीतरी कमी केलेलं असतं. जास्त केल्याचं त्याने आजवर कधी कबूल केलेलं नाही.

"मला विचारलंस?" मी म्हटलं.

"तुला काय विचारायचं? तू गाईचं बघ, गाडीचं मी बघतो."

बाबा जनावरांचे डॉक्टर होते. मीही आहे, पण ते जाईपर्यंत मी शहरात लोकांच्या मांजरांची नखं कापत होते आणि त्यातच सुखी होते. आता त्यांचा दवाखाना माझ्याकडे आला आणि त्याबरोबर वरच्या वस्त्यांचे रस्ते आले. हिवाळ्यात तिथे बर्फ साचतं आणि तिथल्या गाई हिवाळा बघून थांबत नाहीत.

लॉकर म्हणजे काय, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. आता नको तितकं माहीत आहे. मी वाचणारी बाई आहे. दुःखातसुद्धा मला आधी वाचायलाच सुचतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून एका ॲक्सलवरची दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतील अशी सोय मधल्या दातेरी चाकांत केलेली असते. त्या सोयीची एक खोड आहे. एक चाक चिखलात किंवा बर्फात सापडलं की सगळी ताकद त्याच चाकाला जाते, ते जागच्या जागी भिरभिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ बसून राहतं. लॉकर त्या दोघांना एकत्र बांधतो. फिरायचं तर दोघांनी फिरायचं.

मामाने बाबांच्या जीपला बसवला होता तो आपोआप लागणारा. त्याला बटण नाही. पाय गॅसवर पडला की तो लागतो, वळणावर सुटतो, आणि कधी लागायचं, कधी सुटायचं हे त्याचं तो ठरवतो. चिखलात फार छान. खडकात त्याहून छान. मामा उन्हाळ्यात मित्रांबरोबर खडकांतून गाड्या चढवायला जातो आणि लॉकरविषयी त्याला जे काही माहीत आहे ते तिथलं आहे. बाबांच्या साठीला त्याने तो न विचारता बसवून दिला, भेट म्हणून.

बर्फाचं वेगळं असतं. रस्ता एका बाजूला कललेला असेल आणि वर गोठलेला असेल, तर बांधलेली दोन्ही चाकं एकदम घसरतात. घसरणाऱ्या चाकाला आडवी पकड उरत नाही. लॉकर नसता तर एक चाक भिरभिरलं असतं आणि दुसऱ्याने निदान शेपूट जागेवर धरून ठेवलं असतं. दोन्ही घसरली की शेपूट उताराकडे जातं. जोरात जात नाही. सावकाश जातं, आणि ड्रायव्हर नुसता बघत बसतो.

त्या दिवशी वरच्या वस्तीत एक गाय अडली होती. रस्ता नाल्याकडे कलतो त्या वळणावर जीपचं शेपूट गेलं आणि जीप नाल्याच्या काठाला टेकून उभी राहिली. तिला साधा ओरखडाही नव्हता. बाबा खाली उतरले, बॅग घेतली आणि चढावर चालायला लागले. विजेच्या खांबाला टेकून बसलेले सापडले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. माणसांचे डॉक्टर. बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने जीपच्या चाकांच्या खुणा पाहिल्या होत्या. त्याने मला सांगितलं, "ताई, खुणा पुढे गेलेल्याच नव्हत्या. तळहाताने टेबल पुसावं तशा आडव्या."

गाय आपली आपण मोकळी झाली. वासरू चांगलं निघालं. उन्हाळ्यात मी त्याला लस टोचायला गेले, तर ते माझी बाही चाटत होतं. मला त्याचाही राग आला.

"लॉकरने नाही गेले ते," मामा जीपखालून बाहेर येत म्हणाला. मी काही बोलले नव्हते, पण माझी गप्प बसण्याची तऱ्हा त्याला कळते. "पंप बंद पडला. त्याला मी काय करू? आता तुझ्या बाबतीत मला धोका घ्यायचा नाही. पुढेही टाकतो. तू आत बसून राहा, गाडी तुला घेऊन जाईल."

"पुढच्या चाकांना लॉकर लागला तर बर्फावर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते."

"पुस्तकात?"

"रस्त्यावर."

"चिमणे, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गाड्या उघडतोय."

"मग एखादी बंदही करत जा," मी म्हटलं आणि सीटखालचं सामान काढायला जीपमध्ये शिरले. गाडी लिफ्टवर चढवण्याआधी ती रिकामी करायची होती. दोर, फावडं, रबरी हातमोज्यांचं खोकं. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, अगदी आत, हिरव्या कापडात बांधलेलं एक जड पुडकं होतं. उघडलं तर तेलकट, दातेरी, मुठीएवढी लोखंडी चाकं, आणि एक जाड पिन.

"अरे वा," मामा म्हणाला. "ही जुनी आतली चाकं. लॉकर टाकताना निघाली होती. मीच भाऊजींना दिली, म्हटलं आठवण म्हणून ठेवा. गाडीत घेऊन फिरत होते की काय? टाक तिकडे भंगारात."

मी टाकली नाहीत. कापडाची गाठ परत मारली आणि पुडकं बॅगेत घातलं.

दुसऱ्या दिवशी शहरात सुटे भाग विकणाऱ्याच्या दुकानात गेले. काचेच्या टेबलामागे मिशी असलेला एक माणूस केक कापल्यासारखा एक डबा उघडत होता. मी काय हवं ते सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, साहेबांना घेऊन या. त्यांना नीट समजावून देतो."

"साहेब मीच आहे. मला समजावा."

त्याने समजावलं, हे मान्य करायला हवं. बटणाने लागणाऱ्यांत दोन प्रकार होते. एक हवेवर चालतो. त्याला छोटा कॉम्प्रेसर आणि बारीक नळी. ताकदीचा, खात्रीचा, पण नळीत दमट हवा गेली आणि थंडी पडली की आत बर्फ होतं.

"मग?"

"मग तुम्ही बटण दाबता आणि काही होत नाही."

"आणि दुसरा?"

"विजेवरचा. आत चुंबक. नळी नाही, गळती नाही. एक वायर. लागायला चाक जरासं फिरावं लागतं, लगेच खटकन लागेल असं नाही. थोडा धीर पाहिजे."

"आणि बंद केला की?"

"बंद केला की गाडी साधी. तुम्ही काही लावलंय हे तिला आठवतसुद्धा नाही."

मी मागच्या ॲक्सलसाठी विजेवरचा घेतला. पुढचा ॲक्सल मोकळाच ठेवायचा हे नक्की होतं. तो म्हणाला, "पुढेही घ्या की, जोडीने बरं पडतं." मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो बिल करायला लागला.

संध्याकाळी घरी मागच्या दारात बसून पुडक्यातली चाकं रॉकेलमध्ये धूत होते. का धूत होते ते सांगता येणार नाही. आई बाहेर आली आणि तिने ते हिरवं कापड उचललं.

"हे तर ह्यांच्या दवाखान्यातलं टेबलावरचं. मी किती शोधलं." तिने ते नाकाशी नेलं, तेलाचा वास आला तसं परत खाली ठेवलं. "टायर बदलायला गाडी दिली ना, त्या दिवशी सकाळी ह्यात काहीतरी गुंडाळून घेऊन गेले होते. सीटवर ठेवलं होतं. म्हटलं काय आहे, तर म्हणाले, तुझ्या भावाला लागेल."

मी ब्रश थांबवला. बर्फासाठीचे टायर बाबा हिवाळ्याच्या तोंडावर मामाकडे बदलून घेत. मामाचं गॅरेज आमच्या घरासमोर आहे, मधे फक्त गल्ली. सीटवरचं पुडकं कुणीतरी काढलेले टायर गाडीत भरताना सीटखाली सरकवलं असणार. बाबा जुनी चाकं गॅरेजमध्ये घेऊन गेले होते, याचा अर्थ एकच होत होता. त्यांना ती परत बसवून हवी होती.

"मामाला सांगितलं का नाही त्यांनी?" मी विचारलं. आईला विचारलं असं नाही.

"काय सांगायचं?" आईने कपाट उघडायला कमरेची किल्ल्यांची साखळी सोडली. तिच्यात एक लांब, चपटी, नवी किल्ली होती.

"ही कसली?"

"लॉकरची. बँकेतल्या."

"आपला लॉकर कधी होता?"

"ह्यांनीच काढायला सांगितला." आई बोलताना हसली. त्या वर्षात मी तिला हसताना फारशी पाहिली नव्हती. "शेवटी शेवटी काय मनात आलं कोण जाणे. बूट पुसत बसले होते, इथेच, आणि म्हणाले, तुझ्या भावाला सांग, लॉकर काढायचाय. बर्फ पडायच्या आत. म्हटलं, आपल्याकडे ठेवायला आहे काय? पण ते तुला माहीत आहेत, एकदा सांगितलं की परत बोलायचे नाहीत. तुझ्या मामाची बँकेत ओळख. त्याला सांगितलं, तो फॉर्म घेऊन आला. म्हणाला, ताई, काम झालंच समज."

मी हातातलं चाक रॉकेलच्या डब्यात सोडलं.

"आणि बाबांना?"

"सांगितलं की. त्याच संध्याकाळी. टायर बदलून गाडी दारात आणून लावली होती मामाच्या माणसाने. म्हटलं, भाऊ म्हणाला काम झालं. तर म्हणाले, बरं झालं, आता निर्धास्त." आई किल्ली बोटांत फिरवत होती. "लॉकर रिकामाच आहे. पण ठेवलाय मी. त्यांची इच्छा होती."

खातं काढतात तसा लॉकर काढतात. आणि दात काढतात तसाही काढतात. आईने घ्यायचा ऐकला, बाबांना उपटून टाकायचा होता. आईला गाडीतल्या त्या वस्तूचं नावच माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो 'मामाने टाकलेला पार्ट' होता. बर्फ पडायच्या आत का, याचंही तिने स्वतःपुरतं उत्तर काढलं असणार. बर्फात बँकेत जाणं होत नाही.

रात्रीत बर्फ पडलं. सकाळी बाबा गाडीत बसले आणि त्या वळणावर पोचले तेव्हा निर्धास्त होते. बर्फावर तो लॉकर वाजतही नाही. डांबरावर वळताना कट् कट् आवाज येतो, बर्फावर चाकंच घसरून घेतात, त्याला सुटायची गरजच पडत नाही. तो अजून आतच आहे हे बाबांना कळायला वाटच नव्हती.

मी आईला म्हटलं, "चहा ठेवू का?"

तिला हे कधीही कळता कामा नये, असं मी त्या संध्याकाळी ठरवलं. म्हणजेच मामालाही कळता कामा नये, कारण मामाच्या पोटात काही राहत नाही. झोपायला गेले तेव्हा मला मामाचा राग येत नव्हता. राग बाबांचा येत होता. समोर गॅरेज होतं. गल्ली ओलांडायला बूटही घालावे लागत नाहीत. पण मेव्हण्याची भेट परत करायची म्हणजे त्याला वाईट वाटणार, म्हणून निरोप बायकोमार्फत. आयुष्यभर बाबांनी सगळे नाजूक निरोप आईमार्फत पाठवले. माझ्या लग्नाला त्यांची हरकत होती तेही मला आईकडून कळलं होतं, आणि ती नंतर मावळली तेही. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, आणि तोंडावर 'नको' म्हणायला कचरत होता. ते सभ्य आहेत असं सगळे म्हणत. मीही म्हणत आले.

हिवाळ्याचं पहिलं बर्फ पडलं तेव्हा नवा लॉकर खोक्यात पडून होता आणि मामा तो हातात घ्यायला तयार नव्हता.

"बटण लावायचं. वा. म्हणजे खड्ड्यात पडल्यावर पर्स उघडून बटण शोधायचं."

"मामा, गाडी काढ. मागच्या मैदानात चल."

गॅरेजच्या मागे जुन्या टायरांची रांग होती आणि तिच्याकडे उतरणारी तिरकी जागा. तिथे रात्रीचं बर्फ पडून गाड्यांच्या वर्दळीने घट्ट झालं होतं. मी शेजारी बसले. मामा स्टिअरिंगवर. जीपमध्ये अजून जुनाच लॉकर होता, त्याने दिलेला.

"कुठून जायचं?"

"त्या टोकापासून या टोकाला. उतार डाव्या हाताला ठेवून. सावकाश."

"एवढंच? यात काय आहे?"

"काही नाही. चालव."

त्याने एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसरा खिडकीत टाकला. हे तो मला दाखवण्यासाठी करत होता. मध्यावर आल्यावर बर्फ जरा जाड होतं, गाडी अडली, त्याने गॅस दिला. मागून काही आवाज आला नाही. जीपचं शेपूट डावीकडे जायला लागलं. मामाने स्टिअरिंग फिरवलं, अजून थोडा गॅस दिला, आणि शेपूट आणखी गेलं. त्याचा खिडकीतला हात आत आला. मग तो पायाने ब्रेक दाबत राहिला आणि आम्ही दोघं समोरच्या काचेतून मैदान आडवं सरकताना बघत राहिलो. म्हैस पाण्यात बसावी तशी जीप टायरांच्या रांगेला टेकली.

मामा खाली उतरला. मागे जाऊन उभा राहिला. मीही गेले. चाकांच्या खुणा पुढे जात नव्हत्या.

तो बराच वेळ वाकून बघत होता. बर्फ हटवणाऱ्याने मला जे सांगितलं ते त्यालाही सांगितलं होतं, बहुधा सगळ्या गावाला सांगितलं होतं.

"भाऊजी एका शब्दाने बोलले नाहीत," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "एक हिवाळा त्यांनी आधी काढला होता याच्यावर. त्यांना कळलं असणार. एका शब्दाने बोलले असते तर मी त्याच दिवशी उपटून फेकला असता. मी काय माणसं खातो? इतका परका होतो का मी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो रागावला होता. माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आईसाठी गिळलं, पण गिळताना मला त्याची चव ओळखीची वाटली. बाबाही असंच काहीतरी गिळून बूट पुसत बसले असतील.

"नवा बसव," मी म्हटलं.

"बसवतो."

दुपारपर्यंत त्याने मागचा ॲक्सल उघडला होता. मी हातात दिवा धरून उभी होते. जुनं तेल तसराळ्यात सांडत होतं. त्याने पाने लावले, शिव्या दिल्या, हातोडीने दोनदा ठोकलं आणि तो काळा, दंतुर गोळा हातात घेऊन उठला. त्याच वेळी आई किटली आणि कप घेऊन गल्ली ओलांडून आत आली.

"ये ताई," मामा म्हणाला. काम हातावेगळं झालं की त्याचा मूड सुधारतो. "काढला बघ एकदाचा लॉकर."

आई थांबली. "कुठला लॉकर?"

"हा की. भाऊजींना मी बसवून दिला होता तो." त्याने हात पुढे केला. बोटांतून तेल ओघळत होतं.

"ह्याला लॉकर म्हणतात?"

"मग काय म्हणायचं? लॉकरच."

आईने किटली जीपच्या बॉनेटवर ठेवली. मग तिने माझ्याकडे बघितलं, मामाकडे नाही. मी दिवा धरून उभी होते, तोंड लपवायला जागा नव्हती. तिचा हात कमरेच्या साखळीकडे गेला आणि ती चपटी किल्ली चाचपून तिथेच थांबला. तिचे ओठ हलले. ती मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होती. बूट पुसत बसलेला नवरा, आणि लॉकर काढायचाय, बर्फ पडायच्या आत.

"काय गं?" मामा म्हणाला. "बरं वाटत नाही का?"

"काही नाही," आई म्हणाली. तिने कप मांडले. आवाज अगदी नेहमीचा होता. "चहा घे. गार होतोय."

तिने ठरवलंही होतं. एका श्वासात. भावाला वाईट वाटेल म्हणून ती हे पोटात ठेवणार होती आणि उरलेली सगळी वर्षं एकटी ते वाक्य उलटंसुलटं करत बसणार होती. मी तिच्यापासून लपवणार, ती भावापासून लपवणार, भाऊ चहा पिणार. मला त्या घरातल्या सगळ्या सभ्य माणसांचा एकदम संताप आला, माझ्यासकट.

"मामा," मी म्हटलं. "बाबांनी तुला निरोप दिला होता."

"गप्प बस," आई म्हणाली.

"नाही बसणार. त्यांनी आईला सांगितलं, भावाला सांग, लॉकर काढायचाय. ते गाडीतल्या लॉकरबद्दल बोलत होते. आईला वाटलं बँकेतला. तिने तुला तसं सांगितलं, तू फॉर्म आणलास, काम झालं म्हणालास, आणि तिने बाबांना सांगितलं, काम झालं. त्यांना वाटलं, हा निघाला. ते पुडकं सीटखाली होतं ते तुझ्यासाठी होतं. जुनी चाकं परत बसवायला."

मामा तो गोळा हातात धरून उभा होता. आधी त्याला नीट कळलं नाही. मग कळलं, आणि तो स्टुलावर बसला.

"बर्फ पडायच्या आत म्हणालीस तू," तो आईला म्हणाला. "आठवतंय? मी हसलो होतो. म्हटलं, बँकेत काय बर्फ पडतं का?"

"मीही हसले होते," आई म्हणाली.

कुणी कुणाच्या जवळ गेलं नाही. तेल तसराळ्यात थेंब थेंब पडत होतं. मग आईचा चेहरा बदलला. तो रडवेला होईल असं मला वाटलं होतं, पण तो लाल झाला. वर्षभर ती त्यांच्याविषयी देवमाणूस, देवमाणूस असं बोलत होती.

"गाडीचा म्हणायला काय तोंड दुखत होतं का त्यांचं?" ती म्हणाली. "गाडीचा. एवढा एक शब्द. गाडीचा लॉकर म्हणाले असते तर. जन्मभर मला अर्ध्या वाक्यात सांगत आले आणि उरलेलं अर्धं मी ओळखायचं. मी सगळं ओळखत आले. हेच नाही आलं." तिने साखळीतून ती किल्ली काढायला घेतली. कडी घट्ट होती, निघेना. मामा उठला, हात पुसले आणि पक्कड घेऊन पुढे आला, पण तिने त्याला हाताने बाजूला केलं आणि नखांनीच ओढत राहिली. निघाली तेव्हा बोटाला रक्त आलं होतं. किल्ली तिने मामाच्या हातात दिली.

"तूच काढलास ना. तूच बंद कर."

"करतो, ताई."

"आणि तू." हे मला. "तुला कधी कळलं?"

"उन्हाळा संपता संपता."

"आणि गप्प राहिलीस?"

"हो."

"बापावर गेलीस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हे कौतुक नव्हतं. तिने स्वतःचा कप उचलला, एक घोट घेतला आणि उरलेला चहा बाहेर बर्फात फेकला. "गार झाला," ती म्हणाली आणि गल्ली ओलांडून घरी गेली. दार आपटलं नाही. आमच्या घरात दार आपटायची रीत नाही, पण त्या दिवशी आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मामाने जुना लॉकर भंगारात टाकला नाही. तो कोपऱ्यातल्या बाकावर ठेवला, स्वतःला रोज दिसेल असा. मग खोकं फोडून नवा बाहेर काढला. वायर पुढे नेण्यासाठी जीपच्या खालून वाट शोधत तो बराच वेळ पडून होता. मग आतून आवाज आला.

"बटण कुठे बसवू? स्टिअरिंगपाशी देऊ? पटकन हात जाईल."

हाच प्रश्न त्याने न विचारता सोडवला असता, अगदी महिन्यापूर्वीसुद्धा.

"नको," मी म्हटलं. "पटकन जाईल असं नको. लांब दे, वाकून दाबावं लागेल असं. आणि वर झाकण दे. चुकून लागता कामा नये."

"पुढे?"

"पुढे काहीही नको."

"बरं," मामा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नको म्हणजे नको ना? नंतर बोलशील."

"नको म्हणजे नको, मामा."